विद्यापीठांतील सामाईक यंत्रें

विद्यापीठांचे इतिहास लिहिणारे ग्रंथकार कुलगुरूंचीं चरित्रें सांगतात, इमारतींच्या कोनशिलांच्या तारखा देतात, गाजलेल्या व्याख्यानमालांचीं वर्णनें करितात. परंतु ज्या यंत्रावांचून आज कोणत्याही विभागाचा एकही दिवस जात नाहीं, त्या कोपऱ्यांतील झेरॉक्सच्या यंत्राचा किंवा सामाईक प्रिंटरचा उल्लेख त्यांत सहसा आढळत नाहीं. प्रश्नपत्रिका, प्रबंधाचीं प्रकरणें, ग्रंथांतील उतारे, परिपत्रकें, शिफारसपत्रें, असें जें जें विभागांत कागदावर उतरतें तें बहुधा या एकाच यंत्राच्या पोटांतून बाहेर पडतें. तें बंद पडलें म्हणजे प्राध्यापक व शिपाई, संशोधक व कारकून एकाच रांगेंत तिष्ठत उभे राहतात. आणि एरवीं ज्यांना परस्परांचीं नांवेंही ठाऊक नसतात ते यंत्राला नांवें ठेवण्याच्या कामीं एकदिलानें सहभागी होतात.

वरवर पाहतां हा विषय इतिहासाच्या योग्यतेचा वाटणार नाहीं. पण प्रत करण्याचें साधन कोणाच्या मालकीचें, त्याचा दर कोणीं ठरवावा, त्याची रांग कोणीं लावावी आणि तें बिघडल्यास कोणीं उघडावें, हे प्रश्न विद्यापीठांत जवळजवळ आठशें वर्षें चर्चिले जात आहेत. या प्रश्नांतूनच अमेरिकेंतील एका प्रयोगशाळेंत मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचें बीज पडलें, आणि दिल्लींतील एका लहानशा दुकानामुळें आपल्या देशांतील कॉपीराइटच्या कायद्याचा एक महत्त्वाचा अर्थ निश्चित झाला. सामाईक यंत्र सुरळीत चालतें तें केवळ यंत्राच्या गुणांमुळें क्वचितच. तें वापरणारांचा त्याचे नियम ठरविण्यांत हात असेल तरच तें खऱ्या अर्थानें सर्वांचें राहतें, असें आम्हांस या इतिहासावरून वाटतें. तें कसें, हें दाखविण्याचा येथें विचार आहे.

प्रथम मुद्रणकलेच्या पूर्वीचा काळ घेऊं. तेराव्या शतकांत बोलोन्या व पॅरिस येथील विद्यापीठांत दूरदूरचे विद्यार्थी जमत. पुस्तक हातानेंच लिहून घ्यावें लागे, आणि एखादा मोठा ग्रंथ उतरून काढण्यास एका लेखकास कित्येक महिने लागत. मूळ पोथी एक आणि गरजू अनेक, अशी स्थिति. ती पोथी एकाच्या हातीं गेली कीं बाकीचे ताटकळत बसत. यावर तेथें जी युक्ति निघाली तिला ‘पेकिया’ म्हणत. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘तुकडा’ असा आहे. ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत न बांधतां सुट्या जुड्यांच्या रूपानें ठेवीत. एक जुडी बहुधा चार पानांची, म्हणजे आठ पृष्ठांची असे. विद्यापीठाशीं शपथेनें बांधलेला पुस्तकविक्रेता या जुड्या एकेक करून भाड्यानें देई. त्याला ‘स्तातिओनारियुस’ म्हणत. कागद-पेन्सिलीच्या दुकानावर आज आपण ‘स्टेशनरी’ असा जो शब्द वाचतों तो याच नांवाचा वंशज होय. विद्यार्थ्यानें किंवा त्यानें लावलेल्या लेखकानें एक जुडी न्यावी, ती उतरून घ्यावी, परत करावी आणि पुढची न्यावी. एका ग्रंथाच्या पन्नास जुड्या असल्या तर पन्नास माणसें एकाच वेळीं त्याच ग्रंथाच्या प्रती करीत बसूं शकत.

या व्यवस्थेंतील दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक अशी कीं, भाड्याचा दर दुकानदाराच्या मर्जीवर सोपविलेला नव्हता. पॅरिसच्या विद्यापीठानें सुमारें १२७५ सालीं व पुढें १३०४ सालीं ठरविलेल्या दरांच्या याद्या आज उपलब्ध आहेत. कोणत्या ग्रंथाच्या जुड्या किती व त्यांचें भाडें किती, हें त्यांत नमूद केलेलें आहे. दुसरी अशी कीं, मूळ प्रत शुद्ध आहे कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारीही दुकानदारावर टाकलेली नव्हती. बोलोन्यास या कामासाठीं ‘पेकियारी’ नांवाचे सहा तपासनीस निवडीत. अशुद्ध जुडी भाड्यानें देणें हा तेथें अपराध होता. कारण एका जुडींतील चूक पन्नास प्रतींत उतरणार, हें सर्वांस कळत होतें. झां देस्त्रे या फ्रेंच संशोधकांनीं जुन्या पोथ्यांच्या समासांत लेखकांनीं टिपून ठेविलेले जुड्यांचे क्रमांक धुंडाळून ही सारी व्यवस्था उलगडली आणि १९३५ सालीं तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

आपल्याकडेही पोथीची प्रत करणें हें पुण्यकर्म मानीत, आणि तें कष्टाचें कामही होतें. पोथीच्या शेवटीं पाठ, कंबर व मान मोडल्याची तक्रार करणारा, आणि तेल, पाणी व मूर्खाचा हात यांपासून ही पोथी जपा म्हणून विनविणारा लेखक आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. प्रतीवरून प्रत करितांना पाठ बिघडत जातात, हेंही आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याचसाठीं. पण एकनाथांचें हें कार्य एका थोर पुरुषाच्या तळमळीवर उभें होतें. बोलोन्यांतील तपासनिसांची व्यवस्था संस्थेची होती; माणसें बदललीं तरी ती चालत राही. सामाईक साधनाच्या बाबतींत हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि पुढेंही तो आपल्याला भेटणार आहे.

मुद्रणकलेनें पुष्कळ प्रतींची सोय केली, पण थोड्या प्रतींची अडचण तशीच राहिली. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गास टिपणें द्यावयाचीं तर त्यासाठीं छापखाना कोणास परवडणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेल्या सायक्लोस्टाइलनें ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. मेणकागदावर टंकलेखनयंत्रानें अक्षरें उठवावयाचीं, तो कागद शाईच्या रुळावर चढवावयाचा आणि दांडा फिरवून प्रती काढावयाच्या, ही रीत आपल्या शाळा-महाविद्यालयांतून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत सर्रास चालू होती. ‘चक्रमुद्रित’ हा मराठी शब्द या यंत्राचीच आठवण होय. मात्र सायक्लोस्टाइलसाठीं सारा मजकूर नव्यानें टंकित करावा लागे. समोरच्या छापील पानाची जशीच्या तशी प्रत काढणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें.

ती काढणाऱ्या यंत्राचे जनक चेस्टर कार्लसन हे स्वतः पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नसलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोलकी आहे. त्यांचा जन्म १९०६ सालीं सिॲटल येथें झाला. कॅलिफोर्नियांतील तंत्रशास्त्रसंस्थेची पदार्थविज्ञानाची पदवी १९३० सालीं मिळवून ते न्यूयॉर्कला आले, आणि पुढें विजेचें सामान बनविणाऱ्या एका कंपनीच्या पेटंट-विभागांत लागले. तेथें पेटंटांच्या कागदपत्रांच्या प्रती कधींच पुरेशा नसत. रात्रीं ते कायद्याच्या महाविद्यालयांत शिकत, आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत बसून कायद्याच्या ग्रंथांतील पानेंच्या पानें हातानें उतरून काढीत. संधिवातामुळें हात दुखे, डोळे शिणत. तेराव्या शतकांतील बोलोन्याचा विद्यार्थी आणि विसाव्या शतकांतील न्यूयॉर्कचा हा विद्यार्थी यांच्या कष्टांत फारसें अंतर नव्हतें. पेकियाची सोय तेवढी न्यूयॉर्कला नव्हती.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांतील ॲस्टोरिया येथें एका भाड्याच्या खोलींत, ऑस्ट्रियाहून आलेले निर्वासित ओटो कॉर्नेई यांच्या मदतीनें, कार्लसन यांचा प्रयोग साधला. गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा त्यांनीं रुमालानें घासून त्यावर विद्युद्भार आणला. कांचेच्या पट्टीवर शाईनें तो दिनांक व ॲस्टोरिया हें नांव लिहून ती पट्टी पत्र्यावर ठेविली आणि वरून प्रकाश पाडला. जेथें प्रकाश पोहोंचला तेथील भार नाहींसा झाला. अक्षरांच्या सावलींतील तेवढा शिल्लक राहिला. वर भुकटी टाकतांच ती अक्षरांच्याच जागीं चिकटली, आणि तेथून मेणकागदावर उतरली. आजचें झेरॉक्सचें यंत्र काय किंवा लेझर प्रिंटर काय, मूलतः हीच क्रिया करितात. भुकटीला आतां टोनर म्हणतात आणि ती उष्णतेनें साध्या कागदावर पक्की करितात, एवढेंच.

वीसहून अधिक कंपन्यांनीं ही युक्ति नाकारली. अखेर १९४४ सालीं कोलंबस येथील बॅटेल संशोधनसंस्थेनें ती हातीं घेतली, आणि कांहीं वर्षांनीं रॉचेस्टर येथील हॅलॉइड नांवाची कंपनी पुढें आली. या क्रियेला नांव काय द्यावें हा प्रश्न पडला तेव्हां तो ओहायो स्टेट विद्यापीठांतील ग्रीक भाषेच्या एका अध्यापकांनीं सोडविला. ग्रीक भाषेंत ‘झेरॉस’ म्हणजे कोरडें आणि ‘ग्राफाइन’ म्हणजे लिहिणें. या दोहोंवरून ‘झेरोग्राफी’ हा शब्द बनला, आणि पुढें कंपनीनेंही त्याच शब्दावरून आपलें नांव बदलून ‘झेरॉक्स’ असें ठेविलें. ज्या यंत्रावर सर्व विद्यापीठें विसंबणार होतीं त्याचें बारसें अशा रीतीनें विद्यापीठाच्या भाषाविभागांतच झालें म्हणावयाचें! मराठीनें तर पुढें कंपनीला बाजूस सारून हा शब्द आपलासा केला. यंत्र कोणत्याही कंपनीचें असो, आपण ‘झेरॉक्स काढतों’.

१९५९ सालीं बाजारांत आलेल्या यंत्राचें नांव ‘९१४’ असें होतें. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदापर्यंतची प्रत तें देई म्हणून हें नांव. त्याचें वजन सुमारें ३०० किलो होतें. आंत कागद पेटण्याचा संभव असल्यामुळें त्यासोबत आग विझविण्याचें एक साधनही पुरवीत. पण या यंत्राची खरी नवलाई त्याच्या भाड्याच्या रीतींत होती. महिना ९५ डॉलर भरले कीं यंत्र आपल्या जागेंत येई; २००० प्रती त्या रकमेंत मिळत आणि पुढच्या प्रत्येक प्रतीस चार-पांच सेंट पडत. प्रतींची मोजदाद करणारा गणक यंत्राच्या आंतच बसविलेला होता.

या पद्धतीनें विद्यापीठांच्या विभागांत एक नवीन परिस्थिति निर्माण केली. यंत्र आपल्या खोलींत, वीज आपली, कागद आपला; पण मालक दूरच्या गांवीं आणि मोजणारा गणक त्या मालकाचा. सायक्लोस्टाइल अडलें तर विभागांतील जाणता शिपाई तें उघडून पाही. या यंत्रास हात लावण्यासाठीं कंपनीचा माणूस यावा लागे. शिवाय प्रत्येक पानावर खर्चाचा आंकडा चढूं लागतांच, हें पान कोणाच्या खात्यावर मांडावें, हा प्रश्न उभा राहिला. मग नोंदवह्या आल्या, संकेतांक आले, कुलपें आलीं. यांपैकीं पुष्कळ गोष्टी आवश्यक होत्या, हें आम्हांस मान्य आहे. कारण ज्याचा हिशेब नाहीं असें सामाईक साधन पहिल्या येणाराच्याच उपयोगीं पडतें. पण पॅरिसच्या यादींत दर विद्यापीठाचा होता, येथें तो कंपनीचा झाला, हा फरक नजरेआड करून चालणार नाहीं.

प्रिंटरच्या बाबतींत हीच कथा अधिक तीव्रतेनें घडली. झेरॉक्स कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर यांना १९६० नंतरच्या दशकांत अशी कल्पना सुचली कीं, मूळ कागदावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाऐवजीं संगणकाच्या आज्ञेनें चालणारा लेझरचा किरण वापरला, तर कधींच कागदावर नसलेला मजकूरही कागदावर उमटवितां येईल. वरिष्ठांस ती रुचली नाहीं. १९७१ सालीं ते त्याच कंपनीच्या पालो ऑल्टो येथील संशोधनकेंद्रांत गेले, आणि तेथें लेझर प्रिंटर सिद्ध झाला. यंत्र इतकें महाग कीं प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवणें अशक्य. तेव्हां अनेक संगणकांस एकाच प्रिंटरशीं जोडणारें वेगवान जाळें हवें झालें. रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं मांडलेल्या ‘ईथरनेट’च्या योजनेमागें ही गरज होती. आज कार्यालयांतून व महाविद्यालयांतून पसरलेल्या या जाळ्याच्या उगमाशीं एका सामाईक प्रिंटरची गरज आहे, हें थोड्यांनाच ठाऊक असेल.

अनेकांचीं कामें एका यंत्राकडे येऊं लागलीं म्हणजे रांग आलीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेंत विकसित झालेल्या युनिक्सच्या आवृत्तींत या रांगेसाठीं तीन लहान आज्ञा होत्या. ‘एलपीआर’ या आज्ञेनें आपलें काम रांगेंत लावावें, ‘एलपीक्यू’ या आज्ञेनें रांग पाहावी, आणि ‘एलपीआरएम’ या आज्ञेनें आपलें काम मागें घ्यावें. रांग कोणीही पाहूं शके. दुसऱ्याचें काम काढून टाकण्याचा अधिकार मात्र व्यवस्थापकाखेरीज कोणास नसे. एखाद्या विभागाची शिस्त चार ओळींच्या प्रोग्रॅममध्यें कशी उतरते, याचें हें छान उदाहरण आहे.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञानसंस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅम लिहिण्याचें काम करीत असत. तेथील जुन्या प्रिंटरमध्यें कागद वरचेवर अडके. यंत्र एका ठिकाणीं आणि माणसें आपापल्या जागीं. काम पाठवून तासाभरानें जाऊन पाहावें तों यंत्र केव्हांचेंच थांबलेलें आणि आपल्या आधीचींही कामें तशींच पडलेलीं. कागद अडकणें हें यांत्रिक वैगुण्य होतें. तें दूर करणें स्टॉलमन यांच्या हातचें नव्हतें. त्यांनीं यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रॅममध्यें एक लहानसा फरक केला. कागद अडकतांच, ज्यांचीं कामें रांगेंत आहेत तेवढ्यांच्याच पडद्यावर सूचना यावी कीं, प्रिंटर अडकला आहे, कृपया जाऊन सोडवा. या युक्तींतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. ‘सर्वांनीं काळजी घ्यावी’ अशी पाटी लाविली असतां कोणीच काळजी घेत नाहीं. पण ज्यांना तत्काळ गरज आहे त्यांनाच हांक गेली तर त्यांपैकीं एक तरी उठतोच. यंत्राचा दोष तसाच राहिला, परंतु माणसांच्या सहकारानें तो सुसह्य झाला.

पुढें झेरॉक्स कंपनीनें या प्रयोगशाळेस नवा लेझर प्रिंटर भेट दिला. तो वेगवान होता, सुबक होता. पण कागद त्यांतही अडके. स्टॉलमन जुनीच युक्ति करावयास गेले तेव्हां त्यांना असें दिसून आलें कीं, या यंत्राबरोबर त्याच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसास वाचतां येण्याजोगी त्याची मूळ संहिता, आलेलीच नाहीं. ती कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकाजवळ आहे असें कळल्यावर त्यांनीं तेथें जाऊन ती मागितली. ‘ती कोणास देणार नाहीं असा करार मीं केला आहे’, असें उत्तर मिळालें. स्टॉलमन यांनीं ही हकीकत पुढें अनेकदां सांगितली आहे, आणि त्या नकाराचा आपल्यावर झालेला परिणामही लपविलेला नाहीं. एका विद्यापीठांतील विद्वानानें दुसऱ्या विद्यापीठांतील विद्वानास मदत न करण्याचें वचन तिसऱ्यासच दिलेलें होतें! त्यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या प्रसंगांत हा एक होता. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ‘ग्नू’ ही योजना जाहीर केली, जानेवारी १९८४ मध्यें संस्थेंतील नोकरी सोडली, आणि कोणासही वाचतां, बदलतां व वांटतां येईल अशा सॉफ्टवेअरच्या चळवळीस आरंभ केला.

कंपनीचीही बाजू आहे, हें विसरतां कामा नये. यंत्र तिनें भेट म्हणून दिलें होतें. त्यामागें वर्षांची मेहनत व भांडवल होतें. आपलें गुपित प्रतिस्पर्ध्याच्या हातीं जाऊं नये अशी इच्छा तिनें धरली तर त्यांत आश्चर्य नाहीं. पण भेटीचें यंत्र विद्यापीठाच्या दारांत आलें तेव्हां त्याच्याबरोबर एक अटही आली, आणि ती अट वापरणारांशीं विचारविनिमय करून ठरलेली नव्हती. जुनें यंत्र वाईट असूनही लोकांच्या ताब्यांत होतें. नवें यंत्र चांगलें असूनही त्यांच्या ताब्यांत नव्हतें. सामाईक साधनाविषयीं जो निष्कर्ष आम्ही काढूं पाहतों त्याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

यंत्राच्या मालकीइतकाच बिकट प्रश्न यंत्रावर ठेविलेल्या पानाच्या मालकीचा आहे. प्रत करणें सोपें होतांच, प्रत करण्याचा हक्क कोणास, हा वाद पेटला. अमेरिकेंत १९७० सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेजवळ एका भाड्याच्या यंत्रावर सुरू झालेलें ‘किंकोज’ हें दुकान पुढें मोठी कंपनी बनलें. अध्यापकांनीं निवडलेल्या उताऱ्यांचीं पुडकीं बांधून तें विद्यार्थ्यांस विकी. प्रकाशकांनीं फिर्याद केली, आणि १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या संघ न्यायालयानें किंकोजविरुद्ध निकाल देऊन ५,१०,००० डॉलरांची भरपाई ठरविली. नफ्यासाठीं चालणाऱ्या कंपनीनें परवानगीवांचून हें करणें न्याय्य वापरांत बसत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें.

आपल्याकडे हा प्रश्न वीस वर्षांनीं उभा राहिला. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्रसंस्थेच्या, म्हणजे ‘दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’च्या आवारांत ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नांवाचें एक दुकान होतें. विद्यापीठानें त्यास जागा व परवाना दिला होता, आणि पानामागें ४० पैसे असा दर ठरला होता. पेकियाच्या दुकानदारासारखीच ही व्यवस्था. दुकान खाजगी, दर मात्र संस्थेच्या मान्यतेचा. अभ्यासक्रमांत नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून हें दुकान विद्यार्थ्यांस देई. ऑगस्ट २०१२ मध्यें ऑक्सफर्ड, केंब्रिज व टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनीं हें दुकान व विद्यापीठ यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लाविला. ऑक्टोबरमध्यें तात्पुरता मनाईहुकूमही निघाला.

यानंतर जें घडलें तें आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत उमेद देणारें प्रकरण आहे. विद्यार्थ्यांनीं आपली संघटना स्थापून न्यायालयांत आपलें म्हणणें ऐकून घेण्याची मागणी केली. अध्यापकांच्या संघटनेनेंही तसेंच केलें. ज्यांच्या नांवानें दावा चालला होता त्या पुस्तकांच्या लेखकांपैकींही कित्येकांनीं प्रकाशकांस जाहीर पत्र लिहून हा दावा मागें घेण्यास सांगितलें. दुकानाच्या दारांतील रांगेंत उभा राहणारा विद्यार्थी प्रथमच त्या रांगेच्या नियमांविषयीं बोलूं लागला होता.

१६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायमूर्ति राजीव सहाय एंडलॉ यांनीं दावा फेटाळला. आपल्या विद्यार्थिदशेंत कायद्याचे विद्यार्थी ग्रंथालयांत आळीपाळीनें बसून पानेंच्या पानें हातानें उतरून घेत, याचा त्यांनीं निकालपत्रांत उल्लेख केला आहे. हातानें केलें असतां जें गैर नव्हतें तें यंत्रानें केलें म्हणून गैर ठरत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत बसून कायद्याचीं पुस्तकें उतरून काढणारे कार्लसन येथें कोणास आठवणार नाहींत? ९ डिसेंबर २०१६ रोजीं खंडपीठानें हा विषय पुढें नेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत अध्यापक वा विद्यार्थी यांनीं अध्यापनाच्या ओघांत केलेल्या प्रतींस जी सूट आहे ती अशा संकलित प्रतींसही लागू पडते, असें त्यानें सांगितलें. मात्र त्या प्रती अध्यापनासाठीं खरोखर आवश्यक होत्या कीं नाहीं, हें पुराव्यानें पाहावें म्हणून प्रकरण परत पाठविलें. मार्च २०१७ मध्यें प्रकाशकांनीं दावाच मागें घेतला.

या निकालानें सर्व कांहीं फुकट झालें असें समजणें चूक ठरेल. लेखक व प्रकाशक जगले नाहींत तर उतारे कशांतून घ्यावयाचे? अध्यापनाच्या गरजेची मर्यादा न्यायालयानें घातली आहे ती यासाठींच. पण जें पुस्तक विकत घेणें विद्यार्थ्याच्या घरच्या महिन्याच्या खर्चास पेलत नाहीं, त्यांतील एक प्रकरण वाचावयास मिळणें न मिळणें यावर त्याचें पुढचें शिक्षण अवलंबून असतें. ४० पैशांचें पान हा किरकोळ विषय नव्हे.

आजच्या विभागांतील यंत्र प्रत काढतें, छापतें आणि कागदाचें चित्रही संगणकांत घेतें. तें बहुधा वार्षिक करारानें आलेलें असतें. पुष्कळ ठिकाणीं ओळखपत्र टेकविल्याखेरीज तें काम सोडत नाहीं. प्रत्येकास महिन्याचीं पानें ठरवून दिलेलीं असतात. कांहीं यंत्रें, टोनरची डबी मूळ कंपनीचीच आहे कीं नाहीं, हेंही आंतील चिपच्या साहाय्यानें तपासतात. २०१७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास लेक्समार्क कंपनीच्या खटल्यांत असा निकाल द्यावा लागला कीं, एकदां डबी विकल्यावर तिच्यावरचा कंपनीचा पेटंटचा हक्क संपतो. कुलपें व गणक यांची संख्या अशी वाढत असतां, सामाईक यंत्राविषयींची आमची वृत्ति मात्र उलट दिशेनें चालली आहे. कागद अडकला कीं आपण मुकाट्यानें दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्राकडे जातों. कागद संपला तर पेटी भरण्याचें काम पुढच्या माणसावर सोडतों. प्रबंध सादर करण्याच्या शेवटच्या दिवशीं तीनशें पानें रांगेंत घालून इतरांस खोळंबून ठेवतों. यंत्र आपलें नाहीं असें मनानें एकदां घेतलें म्हणजे त्याची निगा राखण्याचें कारणही उरत नाहीं.

म्हणून विभागांनीं थोडें बोलोन्याकडे पाहावें, असें आमचें नम्र सुचविणें आहे. यंत्राचा करार होण्यापूर्वीं तो वापरणारांस वाचावयास मिळावा. पानाचा दर व महिन्याची मर्यादा ठरविणाऱ्या बैठकींत विद्यार्थ्यांचा एक व कार्यालयीन सेवकांचा एक असे प्रतिनिधि असावेत. कारण यंत्राचे गुणदोष जितके त्यांना ठाऊक असतात तितके विभागप्रमुखांस नसतात. रांग सर्वांस दिसावी. ज्याची गरज मोठी आणि ऐपत लहान त्याच्या वांट्याचीं पानें आधीं राखून ठेवावींत. आणि अडकलेला कागद काढावयास दोन-चार जणांस रीतसर शिकविलें जावें, म्हणजे कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यांत परीक्षेचा आठवडा जाणार नाहीं. यांतील एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. दोन बैठका आणि एक फळा एवढ्यावर त्या होण्याजोग्या आहेत.

तेराव्या शतकांतील त्या सहा तपासनिसांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. पण त्यांनीं तपासलेल्या जुड्यांवरून उतरलेल्या पोथ्या युरोपच्या ग्रंथालयांतून अद्यापि वाचावयास मिळतात. आपल्या विभागांतील यंत्राचे नियम आज जे कोणी समजून उमजून करतील त्यांचींही नांवें कोणी लिहून ठेवणार नाहीं. ज्याला पुस्तक विकत घेतां आलें नसतें अशा एखाद्याच्या हातीं वेळेवर तें प्रकरण पडेल, आणि तो वाचावयास बसेल.